आतलं खट्

माझ्या उजव्या गुडघ्याचं आपरेशन दोनदा झालं. पयल्याचं सांगताना आजून डोकं तापतंय.

मालक फौजेत हवालदार. पेन्शनीत आल्यावर बी शहापुरातलं घर म्हंजे कॅम्पच. पाचला उठायचं, साडेपाचला च्या, सहाला माझा वॉक. नवा गुडघा बसवल्यावर डॉक्टरनं कागदावर 'फिट' लिवलं. मालकांस्नी तेवढं पुरं झालं.

"लेफ्ट. राइट. थांबायचं न्हाय."

"आत खट् वाजतंय वो."

"सायबानं फिट लिवलंय. फिट म्हंजे फिट."

ते बॉर्डरवर असताना मी साडीच्या हातमागावर बसले, वीस वर्सं. मागाची खुंटी ढिली झाली की आधी आवाज येतो, मग सूत तुटतं. ह्यो तसलाच आवाज. डॉक्टरला सांगितलं तर त्यो हसला. "आज्जी, गुडघ्यात साडी विणताय व्हय? दुखणं मनाचं हाय. चाला."

वर्सभर चालले. दात खाऊन चालले.

एक दिवस सकाळी जिन्यात पाय मुडपला. मालकांनी गुडघ्याला धरलं, आनि त्यांच्या हाताखालीच ते वाजलं. मग इस्त्रीचा शर्ट घातला.

"चल. आज रिपोर्ट मी देतो."

डॉक्टरनं फाइल उघडली न्हाय. बसा बी म्हनला न्हाय. "हवालदारसाहेब, फौजी माणसाच्या बायकोला एवढं बी सोसंना?"

मालक ताठ हुबे. परत येताना रिक्षात एवढंच म्हनाले, "तू रोज रिपोर्ट देत हुतीस. मी घेतला न्हाय."

त्याच म्हैन्यात त्यांच्या छातीत कळ आली, आनि गेले.

मग निपाणीच्या लेकीनं मला दुसऱ्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. सकाळी आठला आत घेतलं, बारा वाजता भायेर. जुना सांधा काढून नवा घातला. बाई म्हनाल्या, "आज्जी, खालचा तुकडा हाडाला धरलाच न्हवता. हातानं निघाला. तुमचा कान खरा."

मी त्यो तुकडा मागून घेतला. चालता आल्यावर पयल्या डॉक्टरकडं गेले आनि त्याच्या टेबलावर आपटला. खट्.

"ह्यो आवाज."

त्यानं तुकडा बगितला. "असं हुतं कधीकधी. बसा आज्जी. हवालदारसाहेब न्हाई आले?"

"ते वारले. हितं आलते तवा ह्याच जागंवर हुबे हुते. तुमी त्यांस्नी बसा म्हनला न्हाईसा."

मी बी बसले न्हाय. तुकडा तितंच ठिवला आनि चालत भायेर आले. लेफ्ट. राइट.