निजाम-ए-शम्सी

चंद्रावर भाकरी कशी भाजतात यावरून आमच्या परभणीच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या वाटणीवरूनही कुणाकडं झाली नसतील. भांडणाचं मूळ होतं एक कादंबरीमाला. एक आकाशजहाज, त्यावर चार पुरुष आणि एक स्वयंपाकीण, आणि दर भागात नवा ग्रह. पुण्याचा मामा दर दिवाळीला एक भाग घेऊन यायचा. आई तो दुपारी मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्या बायका डाळ निवडत ऐकायच्या. लेखकानं लिहिलं होतं की चंद्रावर वजन कमी, म्हणून भाकरी तव्यावरून उडाली. आईनं तिथंच पुस्तक मिटलं.

"उडू दे की," ती म्हणाली. "पर भाकरीला पानी कुठलं लावलं? चंद्रावर पानी न्हाई म्हनून मागल्याच पानावर लिवलंय. ह्या बाबानं जल्मात भाकर थापली न्हाई."

लेखकावर एवढा राग, आणि तरी पुढचं पान उलटायची घाई. कारण तिचा जीव त्या स्वयंपाकिणीत अडकला होता. जहाजावर ती एकटी बाई, विधवा, आणि कप्तानाला तोंडावर खरं सांगणारी. आमच्या आळीत तोंडावर खरं सांगणारी बाई एकच होती, आणि ती म्हणजे आई.

सहाव्या भागाच्या शेवटी लेखकाला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यानं लढाई काढली. शनीवरची फौज चालून आली. इतके दिवस मजेत हिंडणाऱ्या माणसांच्या अंगावर त्यानं एका पानात वर्दी चढवली. कप्तानाचा सेनापती झाला. सगळ्यांना बंदुका वाटल्या, स्वयंपाकिणीनं तेवढी घेतली नाही. मी रांधायला आले, मारायला नाही, असं तिनं सांगितलं. मग सेनापतीनं हुकूम मोडला म्हणून तिला एका लहानशा होडीत बसवलं आणि शत्रूच्या फौजेसमोर अंतराळात सोडून दिलं. खाली छापलं होतं: पुढे काय झाले ते सातव्या भागात, 'सूर्यमालेवर स्वारी'. मेल्या, सहा भाग जिच्या हातचं खाल्लंस तिलाच? मला त्या सेनापतीचा संताप आजही येतो. आई वर्षभर भाजी चिरता चिरता मला विचारायची, "ती परत आली आसंल का गं?"

दिवाळीला मामा सातवा भाग घेऊन निघाला. स्टेशनवर तेव्हा करोडगिरीचं नाकं होतं, म्हणजे जकातीचं. निजामाच्या मुलखाबाहेरून येणाऱ्याचं सामान तिथं उघडून बघायचे. मामाला आणायला आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी गेलो होतो. आप्पा तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून. त्यांना आपल्या उर्दूचा भारी अभिमान. घरात मीठ मागतानासुद्धा एखादा अस्सल शब्द पेरायचे.

अमलदारानं ट्रंकेतून पुस्तक काढलं. वरच्या चित्रात वर्दीतले शिपाई, तोफा आणि मागं भलामोठा सूर्य. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. "किताब का नाम क्या है?" त्यानं विचारलं.

दुसरा कुणीही 'चाँद-तारों की कहानी' म्हणाला असता आणि आम्ही टांग्यात बसलो असतो. मामा तसंच काही म्हणायला तोंड उघडतही होता. पण प्रश्न उर्दूत आलेला, आणि शेजारी आप्पा उभे. त्यांनी घसा साफ केला आणि एकेक अक्षर तोलून सांगितलं, "हुज़ूर, निज़ाम-ए-शम्सी पर हमला."

नाक्यावरचे सगळे वळून आमच्याकडं बघायला लागले.

आता सूर्यमालेला उर्दूत निजाम-ए-शम्सीच म्हणतात. हा शब्द आप्पांनी घरी बसून बनवला नव्हता. सरकारच्याच शाळेत, सरकारच्याच भूगोलात मी तो छड्या खाऊन पाठ केला होता. अमलदारही असल्याच शाळेत शिकला असणार. त्यानं आप्पांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "पेशकार साहब, मैं तो समझ गया. मगर ऊपर से पूछा कि निज़ाम पर हमले की किताब कैसे छोड़ दी, तो मैं किस-किस को समझाऊँ?" आणि त्यानं पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं.

मला चीड येते ती याची. तो अडाणी असता तर मी सोडून दिलं असतं. त्याला कळलं होतं. कळूनसवरून त्यानं कुलूप लावलं आणि वर आम्हाला पान देऊ केलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि कंबरेवर हात ठेवला. "नुसतं गोष्टीचं पुस्तक म्हनायला काय झालं होतं?"

"अगं, त्यानं नाव इचारलं. चुकीचं कसं सांगू?"

"ती बिचारी तिकडं फौजंपुढं एकटी हुबी हाय, आन् तुमी इथं मला बरूबर-चुकीचं सांगायलाव?"

मामा दुसरी प्रत आणतो म्हणाला, तर आप्पांनी हात जोडले. नाक्यावर आता नाव झालं होतं आणि नोकरी सरकारची. त्या दिवसापासून आईनं आप्पांचं नाव निजाम ठेवलं. "निजामसायबांना म्हनावं, ताट वाढलंय," असं ती मला मोठ्यानं सांगायची आणि आप्पा धावत येऊन खिडकी लावायचे. "हळू बोल की, भिंतीला कान असतेत." मला हसू यायचं. आईला कधीच आलं नाही. डाळ निवडायला बायका येत राहिल्या, विचारत राहिल्या, आणि आईजवळ सांगायला काही नव्हतं.

पुढं रझाकारांची दहशत वाढली तेव्हा आप्पांनी आम्हा मायलेकींना हिंगोलीच्या वाटेनं निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात, वाशीमला एका नातलगाकडं पाठवलं. आप्पा नोकरीसाठी मागं राहिले. वाशीमला पोचल्यावर आमच्यासोबत आलेल्या बायका आधी देवाला गेल्या. आई पुस्तकांच्या दुकानात गेली.

"सातवा संपला, बाई," दुकानदार म्हणाला. "लढाईचा होता ना, सगळ्यात जास्त तोच खपला. पुन्हा छापला नाही. आठवा आहे, देऊ?"

आईनं तिथंच उभ्यानं आठवा उघडला. लढाई संपली होती. जहाज मजेत कुठल्याशा नव्या ग्रहाकडं निघालं होतं आणि चुलीपुढं एक नवा आचारी होता. आईनं पानं भराभर चाळली. तिच्याबद्दल एकच वाक्य सापडलं: स्वयंपाकीणबाईंचे काय झाले, हे वाचकांनी मागील भागात पाहिलेच आहे.

आईनं ते दोनदा वाचलं. मग पुस्तक उघडंच दुकानदारापुढं धरलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. तिचा आवाज असा फाटलेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

"वाचकांनी म्हंजे कोनी? मग आमी कोन हाव?"

"मी नुसता विकतो, बाई," तो म्हणाला.

आईनं आठवा भाग घेतला नाही. परत परभणीला आल्यावर, निजामाचं राज्य गेल्यावर, आप्पा नाक्यावर जाऊन आले. कपाट रिकामं होतं. आज कुणी काही सांगता सांगता 'हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे' म्हणालं की माझं डोकं फिरतं. आम्हाला ठाऊक नाही. आमचं त्या कपाटात राहिलं.