मॅट्रिक्समधला ‘स’

सुंभाची दोरी हातावर गुंडाळून वसतिगृहाच्या फाटकाशी उभे असलेले बाबा… अकरावीचं लातूर आठवलं, की आधी हेच डोळ्यांपुढे येतं. हिवाळ्यातलं पिवळं ऊन, डाळमिलींकडून येणारा तुरीच्या टरफलांचा कोरडा, खरपूस वास – आणि उमरीकडच्या आमच्या गावाहून पहिल्या एस.टी.ने, नांदेडला गाडी बदलून आलेले बाबा. आदल्या दिवशी मी मायला फोनवर रडत रडत सांगितलं होतं, “मॅट्रिक्समध्ये नापास झाले.” बेरजेत ज्या जागेचा आकडा त्याच जागेच्या आकड्यात मिळवायचा, म्हणून गुणाकारही मी शहाणीने तसाच केला होता आणि अख्खी चाचणी लाल झाली होती.

“बांध वळकटी,” बाबा म्हणाले. “तुझी माय म्हणली, धाव्वीचा निकाल फिरला. मॅट्रिक नापास पोरीला हितं कोण ठिवून घेईल?”

शिक्षण संपलंच आपलं, असं वाटलं… आणि मग एकदम उमगलं.

“मॅट्रिक न्हाई हो बाबा, मॅट्रिक्स! आकड्यांचं गणित असतंय. वर्गातली चाचणी हाय नुसती.”

“मग त्यो ‘स’ कुठं गेला?”

“मायनं खाल्ला जणू!”

ते हसले नाहीत. “दाव,” म्हणाले.

पायरीवर बसून मी वही उघडली. पहिल्या मॅट्रिक्सची आडवी ओळ घ्यायची, दुसरीचा उभा स्तंभ. जोडीजोडीने गुणायचं, मग सगळ्यांची बेरीज. चौफुलीच्या, म्हणजे चौकटीत लावलेल्या कापसात तण काढायचा डवरा दोन्हीकडून फिरवावा तसं त्यांचं राकट बोट कागदावरून आधी आडवं गेलं, मग उभं उतरलं.

“एवढंच? अन् ह्याच्यापायी सकाळपासून जीव टांगणीला माझा!” त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. मलाही इतकं हलकं हलकं वाटलं, की हसता हसता रडूच फुटलं.

मग खाली बघत ते हळूच म्हणाले, “म्या मॅट्रिक नापास हाय, बाई. तुझ्या मायला बी ठाव न्हाई. वाटलं, माझंच तुझ्या मागं लागलं.”

बाबा आता नाहीत. मी नांदेडला अकरावीला गणित शिकवते. परवा शेजारणीला माय मोठ्या तोऱ्यात सांगत होती, “हिचे बाबा त्या काळचे मॅट्रिक पास!” आणि खात्रीसाठी तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावून म्हटलं, “हाव.”