सुभेदार मामांचे पालटू

सरळ कागद सरळ राहू न देणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच झाला, आणि ते म्हणजे कुंडलचे माझे सुभेदार मामा. पलटणीतून ते पेन्शनीबरोबर एक विद्याही घेऊन आले. कागदाची पट्टी त्रिकोणात दुमडत, चिकटवत नेली की षटकोन होई. तो मधोमध चिमटला की फुलासारखा उमले आणि पोटातला वेगळाच रंग वर येई. शिकवणारा साहेब त्याला फ्लेक्सागॉन म्हणे, मामांनी त्याचा 'पालटू' केला. कॅलेंडर, लग्नपत्रिका, काही म्हणून सुटेना. मामी रेशनकार्ड उशाखाली घेऊन झोपायची.

पण सुट्या पालटूंवर समाधान मानतील तर ते मामा कसले! त्यांना साखळी हवी होती: पहिला चिमटला की त्याच्या ओढीनं दुसरा, दुसऱ्याच्या ओढीनं तिसरा. कराडला माझ्या भाचीच्या बारशात त्यांनी ती फिरवली, आणि सांध्यांना लावलेली खळ वाळून तडकली नि सगळे पालटू पाळण्यात पडले. दुसरा कुणी गप्प बसला असता. मामांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "लेकीच्या लग्नात मांडवाच्या दारात हीच साखळी फिरवनार. न्हाई फिरली तर मिशी उतरवीन!" ती मिशी म्हणजे मामांची निम्मी सुभेदारी होती.

खळ तडकू नये म्हणून या वेळी त्यांनी तिच्यात काकवी ओतली. उसवाल्या घरात दुसरं सुचणार तरी काय? पंचाहत्तर-शहात्तरचा मे महिना असेल. मांडवाच्या दारावर पालटूंचं लाल तोरण लागलं आणि तोरणावर मुंग्यांची रांग. मामी काकुळतीला आली, "आवं, फलटणचं पावणं दारात आल्यात. काढा ते. लेकीचं हसं हुईल."

"आता माघार न्हाई," म्हणत मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि पहिला पालटू चिमटला.

एवढ्या उन्हात एकही सांधा तडकला नाही! लाल तोरण सरसर उमलत या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळंधमक झालं. वाजंत्री वाजवायचं विसरले. आणि झाडून सगळ्या मुंग्या विहीणबाईंच्या डोक्यावर पडल्या. मामीनं डोळे मिटले. विहीणबाईंनी पदर झटकला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आवं, आनी एकदा फिरवा की!" मामा फिरवतच राहिले. अक्षतांना उशीर झाला तो त्यामुळंच.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण फार दाटून आली की मी पालटू जोडत बसतो. बाजारातला चांगला डिंक आणतो, तरी साखळी दुसऱ्या पालटूपाशीच तडकते. तिच्याकडे मुंगीसुद्धा फिरकत नाही.