खाटेखालचे आडू

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा चौथा महिना सरला तरी माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. भाताचा वास आला की उमासा, फोडणीचा आला की उमासा. आणि हिंगोलीत राहून हळदीचा वास टाळायचा तरी कसा? मोंढ्यावरून, हळदीच्या बाजारावरून, वारा सुटला की थेट घरात. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पोटात टिकलं पाहिजे, ताज्या फळांचा रस द्या, नाहीतर लेकराचं काही खरं नाही.

ताजी फळं! बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती दोन-तीन वर्षं, ऐन जेठ महिना. बाजारात आंबे तेवढे होते, आणि आंबा नुसता दिसला तरी मला ढवळायचं.

नवरा मिलिटरीत, उत्तरेत पहाडाकडं. डॉक्टरांचं म्हणणं कानावर गेलं तसे हे थोडकी रजा काढून आले, ते लाकडी पेटी घेऊनच. गाड्या बदलत, अकोल्यापर्यंत पेटी मांडीवर, तिथून छोट्या गाडीच्या गर्दीत उभ्यानं, पण पेटी खाली ठेवली नाही म्हणे. पेटीत पिवळी-तांबडी, अंगावर लव असलेली गोल फळं. पीच. तिकडं आडू म्हणतात. "ह्याचा रस पोटाला थंड असतो. तुझ्या पोटात काही ठरलेलं बघितलं की मी निवांत जातो," हे म्हणाले.

मी एक हातात घेऊन वास घेतला आणि काय सांगू, कितीतरी दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं. आता चावणार, एवढ्यात सासूबाईंनी ते हातातून काढून घेतलं!

"अगं, टणक लागून राहिलं ते. पाडाला आलं न्हाई अजून. अढी घालावी लागंल."

"आई, तयार हायेत ते," हे म्हणाले.

"तुला काय कळतंय? बंदूक कळती तुला."

झालं. सीमेवर छाती काढून उभा राहणारा माणूस आईपुढं मांजर. सासूबाईंच्या लेखी फळ म्हणजे आंबा. जे आंब्याला लागू ते साऱ्या दुनियेच्या फळांना लागू. त्यांनी गवत आणलं आणि अढी घातली, तीही कुठं? माझ्या खाटेखाली! वर मी उपाशी, खाली आडू पिकतायत, आणि वास नाकात. असा संताप यायचा! हात खाली घालून एक काढावं म्हटलं तर सासूबाईंचा कान तिखट. "गवत वाजलं गं?" झालंच.

त्यातून गल्लीतल्या बाया. मिलिटरीवाल्यानं काय आणलं ते बघायला जी येईल ती खाटेखाली वाकायची, एक उचलायची आणि अंगठ्यानं दाबायची. "बाई बाई, मऊ पडलं की गं!" दाबून दाबून पडेल नाहीतर काय होईल? वर सासूबाईंचा मोठा हात. आलेलीला रिकामी पाठवायचं नाही. जाताना एकेक आडू पदरात. मी खाटेवरनं बघत राहायची. डॉक्टरांनी रस मला सांगितला होता की गल्लीला?

ह्यांच्या जायच्या दिवशी अढी उघडली. निम्मे आडू काळे पडून पाणी सुटलेले. उरलेले निवडून सासूबाई रसाला बसल्या.

"आई, गरम पाण्यात बुडवून साल काढ अन् फडक्यातून पिळ. तिकडं तसंच करतात. बाकी काही घालायचं न्हाई."

"आता तू मला रस शिकवतो व्हय? ह्या हातानं गाडीभर आंबे पिळलेत मी."

आंब्यासारखेच त्यांनी आडू आधी गार पाण्यात टाकले, उष्णता जावी म्हणून. मग तळहातावर दाबून-चोळून माचवायला घेतले. आडू कुठला माचतोय! साल फुटली, चिळकांडी त्यांच्याच डोळ्यात गेली, कोय गर सोडेना. तरी नेटानं त्यांनी रस काढला. वर गूळ घातला, बाधू नये म्हणून सुंठ घातली, आणि कप्पाळ माझं, पळीभर तूप सोडलं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. वाटी माझ्या हातात आली. हे समोर बसून बघत होते, म्हणून डोळे मिटून एक घोट घेतला आणि तडक मोरी गाठली.

मागनं सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, काहून गं? तूप तर घरचं होतं."

मग मात्र माझा बांध फुटला. "तूप नको, सुंठ नको, मला नुसतं फळ पाहिजे होतं!" मी रडत ओरडले. सासूबाईंपुढं माझा आवाज पहिल्यांदा चढला. बाहेर टांगेवाला हाका मारत होता.

चुलीपाशी एक पातेलं होतं. आमच्यात रस काढला की कोया-साली पाण्यात धुवून घेतात आणि त्या पाण्याचं सार करतात. सासूबाईंनी सवयीनं आडूच्याही धुतल्या होत्या. अजून फोडणी पडली नव्हती. घसा कोरडा पडलेला, डोकं फिरलेलं. मी ते पातेलं उचलून तोंडाला लावलं.

"अगं, ते कोयांचं पाणी हाय!"

"असू द्या!"

पातळ, गार, आंबटगोड. ओठांना लव चिकटली. तळ दिसेपर्यंत प्याले आणि भिंतीला टेकून बसले. सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. ह्यांचा एक बूट पायात, एक हातात. टांगेवाला ओरडून ओरडून दमला.

उमासा आला नाही.

"ठरलं का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि लगेच, "बघ, म्हणलं न्हवतं? अढीत पिकल्यामुळं गुण आला." आता ह्या बाईला काय म्हणावं?

हे दुसरा बूट घालून उठले. ट्रंक टांग्यात ठेवली. माझ्याजवळ आले आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "कसं लागतं गं ते?"

मी बघतच राहिले. "म्हणजे? तुम्ही एकसुद्धा खाल्लं न्हाई?"

"खाल्लं असतं तर तुला एक कमी पडलं असतं."

अस्सा राग आला मला! अख्खी गल्ली खाऊन गेली, निम्मे सडले, आणि हा माणूस इतक्या लांबनं मांडीवर पेटी घेऊन नुसता वास घेत आला. मी पातेलं तिरकं करून बघितलं. थेंब नव्हता.

"आंबटगोड," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले, आणि टांग्यात चढले.