पाण्याच्या मशीनवरचं कार्ड

आमची ताई पाणी शुद्ध करायची मशिनं दुरुस्त करायची. शहरातल्या एकवीस ऑफिसांत फिल्टर बदलायला तिची फेरी असे. पेलाभर पाण्याच्या निमित्ताने माणसं मशीनपाशी येऊन मन मोकळं करतात, ते ऐकून ऐकून कुठल्या साहेबाचं कुणाशी बिनसलंय इथपर्यंत सगळं तिला ठाऊक.

एक दिवस कंपनीने कळवलं: इथली शाखा सहा महिन्यांत बंद, ताईने मुख्य शहरात यावं, नाहीतर घरी बसावं. घरी बसणं परवडणारं नव्हतं आणि जाणं त्याहून नाही. बाबांची नजर गेलेली. पण ताईच्या घरात ते कुणाच्या आधाराशिवाय हिंडतात. पलंगापासून खिडकीपर्यंत सात पावलं, कपाट डाव्या हाताला. नव्या घरात त्यांचं कसं होणार, हा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो.

"मी प्रोग्रॅमिंग शिकणार," ताईने जाहीर केलं. वय वर्षं छत्तीस, हातात पाना.

"पायथन शीक," मी ताबडतोब म्हणालो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, पण सल्ला द्यायला कुठे काय लागतं! "सगळं जग तेच शिकतंय."

"जग देणार आहे का मला नोकरी? द्यायची ती याच गावाने. मग गावालाच विचारते."

प्रत्येक मशीनला दोऱ्याने एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर फिल्टर बदलल्याची तारीख आणि सही. ताईने एकवीसच्या एकवीस कार्डं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'तुमचं ऑफिस प्रोग्रॅमिंगच्या कुठल्या भाषेत काम करतं? खूण करा.' खाली पाच नावं, शेजारी पेन. महिन्याभरात कार्डं खुणांनी भरली. जावा सगळ्यांच्या पुढे, माझं पायथन चौथं! ताईने लगेच जावाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि मी तोंड लपवायला जागा शोधू लागलो.

पण दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसातल्या कार्डावर खूण नव्हतीच. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाई, प्रश्न चुकला. जावावाले इथे पैशाला पासरी आहेत. ज्या भाषेचा माणूस शोधूनही सापडत नाही, ती विचारा.'

ताईने कपाळावर हात मारला. "मी पाणी किती आहे ते मोजत बसले, तहान कुणाला लागलीय ते बघितलंच नाही!"

पुन्हा एकवीस कार्डं. या वेळी पंधरा दिवसांत उत्तर आलं: सी शार्प. नऊ ऑफिसं माणूस मिळेना म्हणून रडत होती. नऊ! आम्हाला आनंदाने एका जागी बसवेना. जावाचं पुस्तक ताईने माझ्याकडे भिरकावलं, "घे, उशाला होईल." मग रोज पहाटे पाच ते आठ तिचा अभ्यास. पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा ती एवढी ओरडली की शेजारच्या काकू अनवाणी धावत आल्या.

चार महिन्यांनी त्याच छोट्या ऑफिसात मुलाखत होती. मी बाहेर बाकावर, दार उघडं, डोळे आणि कान आत. मालकीणबाईंनी विचारलं, "स्वतः काय बनवलंय?"

ताईने लॅपटॉप उघडला. कुठल्या ऑफिसचा फिल्टर कधी बदलायचा, ते आपोआप सांगणारा प्रोग्रॅम. सगळ्यात वर, लाल अक्षरांत, त्यांचंच ऑफिस: अकरा दिवस उशीर.

"हा उशीर कुणामुळे?"

"माझ्यामुळेच. अभ्यास करत होते ना! पाच मिनिटं द्या." ताई उठली, फिल्टर बदलला, कार्डावर तारीख टाकली आणि हात पुसून परत खुर्चीत बसली.

बाई हसत सुटल्या. "कार्डावर ते मीच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या."

घरी पोचायचाही धीर नव्हता. ताईने जिन्यातूनच हाक दिली, "बाबा, नोकरी लागली! आपण कुठेही जात नाही!" मी तर शब्दशः नाचत होतो.

बाबांनी वाकून पलंगाखालून एक बॅग ओढली. शाखा बंद होणार हे कळलं त्या दिवशीच त्यांनी ती भरून ठेवली होती, आम्हाला पत्ताही न लागू देता. जाडे मोजे, स्वेटर, बंद पडलेलं घड्याळ. एकेक वस्तू काढून, अजिबात न चाचपडता, त्यांनी कपाटात आपापल्या जागी ठेवली.

"आता ती बॅग माळ्यावर टाक," ते मला म्हणाले. "सहा महिने पायात येतेय."