टेकडीवरचं पाणी

मळवली स्टेशनात पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा उन्हाला चटका आला होता. गड बघायला निघालो होतो, पण लेकीनं, शकूनं, निघताना एक प्रश्न बरोबर बांधून दिला होता. मी पुण्यात इंग्रजी शिकवतो. इंग्रजांच्या एका बालगीतात एक पोरगा आणि एक पोरगी टेकडीवर पाणी आणायला जातात आणि गडगडत खाली येतात. आमचा नळ खाली चौकात, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. शकू म्हणाली, "पाणी तर खाली असतं, मग ती वर का गेली?" आमचे हेडमास्तर सांगतात, त्यात कुण्या राजाची गादी गेल्याची गोष्ट आहे, दुसरे एक विद्वान तिला चंद्रावरच्या डागांची जुनी कथा म्हणतात. शकूला दोन्ही पटलं नाही. मला तरी कुठं पटलं होतं?

लोहगडाच्या वाटेवर एका वाडीत पाणी मागितलं. सरूमावशी अंगण सारवत होत्या. "हंडा रिकामा हाय, भाऊ. हितली हीर आटली. वर टाक्यावर जावं लागंल." टाकं (खडकात खोदलेला हौद) डोंगरात उंचावर. मला हसूच आलं. राजा नाही, चंद्र नाही. पाणी वर होतं म्हणून पोरं वर गेली.

मावशींना घाई होती. त्यांचा मुलगा म्हादू याला सांगून आलेल्या मुलीकडचे घर बघायला येणार होते आणि तोच त्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. पाहुणे जेवले तर सोयरीक ठरली, नुसतं गूळपाणी घेऊन उठले तर मोडली, अशी इथली रीत. "पानी वर म्हनून वाडीला कुनी पोरी देत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांच्याफुडं तेवढं बोलू नका."

मीही त्यांच्याबरोबर वर गेलो. टाक्यातलं पाणी गारेगार होतं. उतरताना हौसेनं मातीची घागर खांद्यावर घेतली आणि मुरमावरून पाय सटकला. घागर फुटली, कपाळही फुटलं. मावशींनी हळद-चुन्याचा लेप लावला, वर मला ओसरीवर बसवून घेतलं.

पाहुणे आले, ओळखी झाल्या, गूळपाणी झालं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मास्तर, कपाळाला काय झालं?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण येणाऱ्या पोरीला तो उतार रोजचा होता. तिच्या जागी मला शकू दिसली.

"पाणी आणताना पडलो," मी म्हणालो. "वरून, टाक्यावरून."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजी आमच्या पोरीनं रोज डोंगर चढायचा?"

मावशींची मान खाली गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा दाराशी बसलेला म्हादू म्हणाला, "येकलीनं न्हाई. दोगं जाऊ."

पुरुषानं हंडा उचलला की वाडी हसते. मुलीचा चुलता हसलाच. म्हादूनं रिकामा हंडा खांद्यावर घेतला आणि सगळ्यांदेखत टाक्याच्या वाटेला लागला. मुलीचे वडील अंगणात येऊन तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. मग आत येऊन मांडी घालून बसले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "भाकरी वाढा."

नाचणीची भाकरी आणि झुणका मीही पोटभर जेवलो. गड मात्र राहिला तो राहिलाच.

घरी येऊन शकूला सांगितलं, पाणी वरच होतं. तिनं विचार केला. "मग दोघं कशाला गेली?"

मी उत्तर देणार, इतक्यात जिन्यात बादली टेकल्याचा आवाज आला. तिची आई पाणी घेऊन मधल्या पायरीवर दम खात होती. मी उठलो, दुसरी बादली घेतली आणि खाली नळावर गेलो.