सात बटव्यांचा पगार

माझ्या कर्जाची खबर माझ्या बायकोला तिच्या आईकडून लागली.

मी हिंगोलीत एका खाजगी शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. फीची पावतीपुस्तकं, वर्षाचं अंदाजपत्रक, बिलांच्या फायली, सगळं माझ्या टेबलावरून जातं. एका रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत हा माणूस डबा उघडत नाही, अशी माझी शाळेत ख्याती होती. आणि याच माणसानं फोनवरच्या एका ॲपवरून अकरा हजार रुपये घेतले होते आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दोन हप्ते चुकले. ॲपवाल्यांनी माझ्या फोनमधले नंबर एकेक करून फिरवायला सुरुवात केली. त्यांतला पहिला लागला तो सासूबाईंचा.

सासूबाई सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या आल्या. पिशवीत दोन किलो तुरीची डाळ होती. ती ओट्यावर ठेवली, पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाल्या, "काल फोन आला व्हता. तुझा नवरा पैसे घेऊन पळाला का म्हून इचारत व्हते."

मी दारात शाळेला निघालेला. एक बूट पायात, दुसरा हातात.

 बायकोनं आईला चहा-भाकरी केली, दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी मी परतलो तेव्हा शिलाईचं काम तिनं बाजूला सारलेलं होतं. ती घरीच ब्लाऊज शिवते. बायकांची मापं लिहायची तिची एक वही आहे. ती वही तिनं उलटी केली, मागचं कोरं पान काढलं आणि म्हणाली, "सांगा."

"काय सांगू?"

"कोणाकोणाचं घेतलं ते. आज कितीबी निघू द्या, मी काही म्हणत न्हाई. पण उद्या अजून एक निघालं तर मला लई तकलीफ होईल."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं बँकेचं कर्ज. मोटारसायकल. फोन. क्रेडिट कार्ड, ज्याची दर महिन्याला भरलीच पाहिजे तेवढी कमीत कमी रक्कम भरून मी मोकळा व्हायचो. किराणा दुकानाची उधारी. ॲप. इथं मी थांबलो. ती पेन धरून तशीच बसून राहिली.

"आणि शाळेतल्या चाचांचे पंधरा हजार," मी म्हणालो.

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. चाचा म्हणजे आमच्या शाळेचे म्हातारे शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दर ईदला त्यांच्या घरून आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा यायचा.

"चाचांचे काहून घेतले?"

"कार्डाचा हप्ता भरायला."

तिनं तेही लिहिलं. मग बेरीज केली. तिची शाळा सातवीपर्यंत, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण लहानपणी अर्धं वर्ष आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं. बोटांच्या पेरांवर मोजत तिनं आकडा काढला: दोन लाख त्रेपन्न हजार चारशे. रोज शंभर बेरजा करणाऱ्या मी ही एक बेरीज तीन वर्षं टाळली होती.

आता ती रडेल, नाहीतर भांडेल, अशी मी मनाची तयारी केली. तिनं त्या आकड्याखाली रेघ मारली आणि म्हणाली, "बरं. आकडा हाय म्हंजे सरंल."

मी तिला नीट ओळखत नव्हतो, हे मला त्या क्षणी कळलं. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

"तुमचं हे कार्ड म्हंजे उचलच की," ती पुढं म्हणाली. ऊस तोडायला जाणाऱ्यांना मुकादम हंगामाआधीच रक्कम देतो, ती उचल. ती खर्चून जाते आणि मग सहा महिने आधीच खाल्लेल्या पैशासाठी कोयता चालवायचा. हंगाम संपताना काही फिटतं, काही उरतं, उरलेल्यासाठी पुढच्या वर्षी परत जायचं. ती अकरा वर्षांची असताना तिच्या आईनं मुकादमाला चहा पाजून, हात जोडून परत पाठवलं होतं. सगळा तांडा गेला, हे एकच घर मागं राहिलं. वर्षभर कापूस वेचून, हळद काढून रोजच्या रोज मिळेल तेवढ्यात भागवलं आणि मागची बाकीही थोडी थोडी करून देऊन टाकली. "त्या साली आमी डाळ कमी खाल्ली," ती म्हणाली, "पण याडी पहिल्यांदा हसताना दिसली." याडी म्हणजे आई.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीनच्या खणातून एक जुनी औषधाची डबी काढली. आत गुंडाळलेल्या नोटा होत्या. साडेअकरा हजार. पिको मशीन घ्यायला दीड वर्षात जमवलेले. जवळपास तेवढेच पैसे मी दीड महिन्यात लपवून उडवले होते. ॲपचं कर्ज त्याच दुपारी मिटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या. पगार कधी होते?"

पगार झाला त्या दिवशी ती माझ्याबरोबर एटीएमला आली. हप्ते कापले जातात तेवढी रक्कम खात्यात राहू दिली, बाकी सगळी काढायला लावली. माझ्या फोनवरची पैसे पाठवायची सोयही तिनं उभ्या उभ्या काढून टाकायला लावली. "फोनातून पैसा जाताना दिसत न्हाई," ती म्हणाली. "नोट हातातून जाताना दिसते." क्रेडिट कार्ड कापडाच्या कात्रीनं कापायला मात्र तिनं नकार दिला. धार जाते म्हणाली. ते मला भाजीच्या सुरीनं कापावं लागलं.

घरी तिनं सात बटवे शिवून ठेवले होते, ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांचे, नाडी ओढून बंद होणारे. किराण्याचा हिरवा, भाड्याचा निळा, गॅस आणि लाइटबिलाचा पिवळा, लेकीच्या शाळेचा, दवाखान्याचा, माझ्या पेट्रोल-चहाचा आणि एक लाल, कर्जाचा. तिच्या शिलाईचे पैसे थेट लालमध्ये जायचे. नियम एकच: एका बटव्यातून दुसऱ्यात हात घालायचा नाही. रिकामा झाला की झाला.

तिसऱ्या महिन्यात हिरवा बटवा चोवीस तारखेलाच रिकामा झाला. मी म्हणालो, "दवाखान्याच्या बटव्यात पडून आहेत की दोन हजार."

"ते आजारी माणसाचे हायेत."

"आपल्यात कोणी आजारी नाही."

"म्हणूनच हायेत अजून."

त्या आठवड्यात आम्ही ज्वारीच्या भाकरीबरोबर पिठलं, ठेचा आणि सासूबाईंची ती डाळ पातळ करून खाल्ली. आठवीतल्या आमच्या लेकीनं एकदा कुरकुर केली. तिला आईनं मांडीशी बसवून ती उलटी वही दाखवली, काही न लपवता. त्यानंतर पोरगी दर रविवारी स्वतःच लाल बटवा मोजायला बसू लागली. पुढच्या महिन्यात दवाखान्याचा बटवा लागला. लेकीला टायफॉइड झाला. डॉक्टरांची फी आणि औषधं मी रोखीनं दिली. याआधी असल्या वेळी मी कुणाला फोन लावायचा याचाच विचार करत बसलेला असायचो.

कुणाचं आधी फेडायचं यावरून मात्र आमचा वाद झाला. मी लिपिक माणूस. मी सांगितलं, सगळ्यात जास्त व्याज कार्डाचं आहे, ते आधी मिटवू. चाचांच्या पैशाला व्याजच नाही, ते शेवटी.

"चाचांचे आधी," ती म्हणाली.

"हिशेबानं ते चूक आहे."

"बँक थांबते तर व्याज घेते. चाचा थांबून राहिले अन् काहीच घेत न्हाईत. त्यांना अजून किती थांबवता?"

लाल बटव्यातले पहिले पाच महिने चाचांच्या नावावर गेले. पैसे पुरे झाले तेव्हा ती स्वतः शाळेत आली. मधल्या सुट्टीत चाचा घंटेपाशी स्टुलावर बसले होते. तिनं वाकून नोटा त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "चाचा, उशीर झाला."

चाचांनी नोटा मोजल्या नाहीत. तशाच खिशात ठेवल्या. "बेटी, हमने तो वो पैसे छोड ही दिये थे," ते म्हणाले. "अल्लाह बरकत दे." मग माझ्याकडे बघून हसले. गेले वर्षभर मी त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालत होतो, हे त्यांना बरोबर माहीत होतं. त्या दिवसापासून मी शाळेत पुन्हा मान वर करून चालू लागलो, हे कबूल करायला हवं.

मी घसरलो नाही असं नाही. कळमनुरीला मावसभावाचं लग्न होतं. सगळे जाडजूड पाकिटं देत होते. मी एका मित्राकडून दोन हजार घेऊन पाकिटात घातले. घरी आलो. जेवताना सांगून टाकलं. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. तिनं वही काढली, नवीन ओळ लिहिली आणि माझा पेट्रोल-चहाचा बटवा दोन महिन्यांसाठी नाडी आवळून ठेवून दिला. दोन महिने मी शाळेत पायी गेलो. जाताना तीन किलोमीटर, येताना तेवढेच. वाटेत भेटणारे विचारायचे, गाडी बिघडली का? मी म्हणायचो, "न्हाई, मीच बिघडलो व्हतो."

एक एक ओळ खोडली जात होती. किराणा, फोन, मोटारसायकल, मग कार्ड. एक हप्ता संपला की ती रक्कम सुटी व्हायची नाही, पुढच्या कर्जावर जाऊन बसायची. मला हे उशिरा कळलं, तिला आधीपासून माहीत होतं. ब्लाऊजच्या कापडात पाठ बेतली की उरलेल्यातून बाही काढायची, तसं, ती म्हणाली आणि पुन्हा मशीनला लागली.

एकतिसाव्या महिन्यात बँकेचं शेवटचं उरलेलं एकरकमी भरायला आम्ही दोघं गेलो. साहेबांनी संगणकात बघून रक्कम सांगितली. ती म्हणाली, "पाचशे नव्वद जास्त सांगून राहिले तुमी."

साहेब म्हणाले, "हप्ता चुकल्याचा दंड आहे, बाई. मागच्या वर्षीचा."

"चुकला न्हाई." तिनं पिशवीतून वही काढून पुढं सरकवली. साहेबांनी ती पुढच्या बाजूनं उघडली आणि चष्मा सावरत वाचू लागले, "बाही साडेपाच, उंची चौदा, गळा…" ते थांबले. "ही कुठली नोंद?"

"पलीकडून बघा, साहेब."

पलीकडून सगळं होतं. तारीख, रक्कम, पावतीचा नंबर. साहेबांनी त्या महिन्याचा उतारा काढला. हप्ता वेळेवर पोचलेला होता, दंड चुकून लागला होता. त्यांनी तो रद्द केला. मग आणखी काही पानं उलटून बघितली, अगदी पहिल्या पानापर्यंत, त्या उभ्या बेरजेपर्यंत. "हे सगळं फिटलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय. तुमचं शेवटचं."

कर्ज फिटल्याचं पत्र तिनं मराठीतच मागितलं. मिळाल्यावर उभं राहून पूर्ण वाचलं, शिक्का नीट उमटलाय का बघितलं, मगच घडी घातली. मी बाजूला उभा होतो. सत्तावीस वर्षांचा असताना मी या बाईला बघायला तांड्यावर गेलो होतो. तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की पोरगी जास्त शिकलेली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं सिद्धेश्वरला गेलो. धरण घरापासून इतकं जवळ, पण तिनं कधी बघितलं नव्हतं. पाणी काठोकाठ भरलं होतं, पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. ती भिंतीजवळ उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिली. "एवढं पाणी," ती म्हणाली, "अन् कोणी सांडत न्हाई." लेक हसली. मला हसू आलं नाही. लोक धरणाकडे बघत होते, मी तिच्याकडे बघत होतो. अडीच वर्षं रोज माझ्यासमोर घडत असलेली गोष्ट एवढी मोठी होती, हे जरा लांब उभं राहिल्यावर दिसलं.

खाली एकजण ताजे मासे विकत होता. मी म्हणालो, घेऊ या अर्धा किलो. तिनं भाव विचारला, मान हलवली, दोन पावलं पुढं गेली. त्यानं हाक मारून तीस रुपये कमी केले. घरी जाऊन तिनं रस्सा केला, असा झणझणीत, की आम्ही तिघंही नाक पुसत जेवलो.